कापसाच्या गाडीवरील कर आणि त्याचा विनियोग

वऱ्हाडातल्या वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. लढाया आणि तह यांच्या इतिहासाला अशा गावांची दखल घ्यावयाचे कारण सहसा पडत नाही. परंतु मालाच्या विक्रीवर घेतल्या जाणाऱ्या कराचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ अशाच गावापासून करणे इष्ट ठरेल, कारण हा कर वसूल होतो पेठेत, त्याचा हिशेब राहतो कचेरीत, आणि त्याचा भार मात्र पेठेपासून कोसभर, दहा कोस दूर राहणाऱ्या त्या कुणब्यावर पडतो, ज्याच्या गाडीतला कापूस वा धान्य विकल्याखेरीज त्या कराची पैही उत्पन्न होत नाही. पैसा कोणी दिला आणि तो कोणासाठी खर्च झाला, हा प्रश्न वऱ्हाडात पिढ्यानपिढ्या विचारला जाण्याजोगा होता, आणि त्याचे उत्तर प्रत्येक राजवटीत निराळे मिळाले.

निजामाच्या अमलात जमीनमहसुलाखेरीज सायर या सदराखाली मालाच्या येण्याजाण्यावर आणि खरेदीविक्रीवर जी जकात घेतली जाई, तिचा विनियोग ज्या परगण्यात ती वसूल झाली त्या परगण्यातच व्हावा, अशी कल्पना त्या काळच्या राज्यव्यवहाराला परिचित नव्हती. हैदराबादचा दरबार सावकारांच्या कर्जात बुडालेला असल्यामुळे वऱ्हाडचा महसूल कर्जफेडीसाठी पेढ्यांना लावून दिला जाई. पेस्तनजी मेहेरजी यांच्या ज्या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईस रवाना करण्याचा उद्योग आरंभिला, तिलाच दरबारच्या कर्जापोटी इथल्या महसुलाचे तारण मिळाले होते. अशा व्यवस्थेत रयतेने भरलेला पैसा रस्ता, विहीर वा बाजारओटा यांच्या रूपाने तिच्याकडे परत येईल, ही अपेक्षाच संभवत नव्हती.

निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या वर्षांत तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाल्याबरोबर या काळ्या जमिनीच्या मुलखाला एकाएकी असे मोल आले, की १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचली तेव्हा वऱ्हाडच्या पेठांतून कापसाच्या गाड्यांची दाटी होऊ लागली. किन्हीराजाचा परिसर तेव्हा बाशीम म्हणजेच वाशीम जिल्ह्यात मोडत असे; १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि हा परिसर अकोल्यात गेला, आणि वाशीम स्वतंत्र जिल्हा पुन्हा झाला तो १९९८ साली.

पेठेत आलेल्या गाडीवाल्याची स्थिती मात्र कापसाच्या भावाइतकी चढती नव्हती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल त्यालाच तो भाव सर्वांमागून कळे. त्यानंतर अडत, हमाली, तोलाई, कडता अशी कापणी होऊन अखेरीस धर्मादाय नावाची एक रक्कम वजा होई, जिच्यातून गोशाळा, पाठशाळा वा देवालय चाले. हे दान पुण्यप्रद असेल. पण ज्याच्या पदरचे ते दान होते त्याला विचारल्याशिवाय ते दिले जाई, आणि दात्याचे नाव पाटीवर लागे ते व्यापाऱ्याचे. सार्वजनिक कार्यासाठी विक्रीवर बसविलेला हा एक खाजगी करच होता, आणि त्याचा दोष कार्यात नसून संमतीच्या अभावात होता.

या अव्यवस्थेला कायद्याची पहिली मर्यादा पडली ती वऱ्हाडातच. १८८६ साली कारंजा येथे हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या हुकमान्वये नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला, आणि तो हिंदुस्थानातील पहिला मानला जातो. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजारांचा स्वतंत्र कायदाच झाला. वजनकाटे तपासले जाऊ लागले, अडत्ये व मापारी यांना परवाने लागले, बाजारात येणाऱ्या मालावर ठरावीक फी बसली आणि तिचा हिशेब ठेवण्यासाठी कमिटी नेमली गेली. परंतु या कमिटीत प्राबल्य होते व्यापाऱ्यांचे आणि नगरपालिकेच्या प्रतिनिधींचे. कापूस पिकविणाऱ्याला तीत जागा नव्हती. परिणामी बाजाराचा खर्च भागून जी शिल्लक उरे, ती नगरपालिकेच्या उत्पन्नाची एक हक्काची बाब होऊन बसली. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारांचे परीक्षण करताना नेमक्या याच वैगुण्यांवर बोट ठेवले आहे.

नगरपालिकेची बाजू अगदीच निराधार होती असे नव्हे. शहरातला रस्ता गाडीवाल्याच्या बैलांच्याही खुरांखाली येतो आणि शहरातल्या दवाखान्यात खेडुतालाही औषध मिळते, असा युक्तिवाद कोणी केल्यास त्यात तथ्यांश आहे. पण बाजारात गाड्यांना सावली नाही, बैलांना पाण्याचा हौद नाही, रात्री मुक्कामाला पडवी नाही, अशा स्थितीत त्याच बाजाराच्या फीमधून दूरच्या आळीतील गटार बांधले जात असेल, तर त्या गटाराची उपयुक्तता सिद्ध करूनही अन्याय दूर होत नाही.

मुंबई इलाख्याचा १९२७ चा कापूसबाजार कायदा, मध्यप्रांत व वऱ्हाडातील १९३२ चा कापूसबाजारांचा आणि १९३५ चा शेतमालाच्या बाजारांचा कायदा, आणि अखेरीस महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा, या क्रमाने शेतकऱ्याचा प्रतिनिधी समितीत आला आणि बाजार फीचा पैसा बाजार समितीच्या निधीत राहून कायद्याने नेमून दिलेल्या कामांपुरता बांधला गेला. बांधलेला निधी नेहमीच सचोटीने खर्च होतो असे मानण्याइतके भाबडे कोणी नसेल. पण गैरखर्चाला गैरखर्च म्हणण्याचा कायदेशीर आधार तेवढ्याने निर्माण झाला.

विक्रीकराचा सरकारी अवतारही याच प्रांतात प्रथम वादाचा विषय झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ साली मोटारच्या इंधनाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसविला. ही अबकारी असून ती मध्यवर्ती सरकारचा अधिकार आहे, अशी दिल्लीची हरकत आली, आणि फेडरल कोर्टाने आपल्या अगदी आरंभीच्या निर्णयात प्रांताचा अधिकार मान्य केला. १९४७ साली त्या प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर आला. प्रांताला उत्पन्नाचा भक्कम स्रोत लाभला खरा, पण कारंज्याला किंवा बाशीमला वसूल झालेला पैसा एका विशाल खजिन्यात मिसळून गेला आणि त्याच्यावरील स्थानाची खूण पुसली गेली.

तरीही दूरच्या खजिन्यातून न्याय्य विनियोग होऊ शकतो, याचा एक दाखला महाराष्ट्रानेच घालून दिला. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर आणि विक्रीकरासह इतर काही करांवरील जादा आकारणी यांतून स्वतंत्र निधी उभारण्यात आला, त्यात सरकारने तेवढीच भर घालावयाची असे ठरले, आणि १९७९ पासून कायद्याने कामाचा हक्क अमलात आला. येथे पैसा शहरातून खेड्याकडे वाहिला, बांधबंदिस्ती व पाझर तलावांच्या रूपाने. पण शहरातील करदात्याला तो कशासाठी घेतला जातो हे उघड सांगितले गेले होते, आणि खेड्यातील मजुराच्या हाती मागणीचा हक्क होता. कारंज्याच्या जुन्या कमिटीत या दोहोंचीही उणीव होती.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकराचे जुने रूप गेले आणि महानगरांतील उरलीसुरली जकातही संपली. खेड्याच्या स्वतःच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजार भरत असल्यास बाजार फी एवढेच मुख्यतः राहिले. बाकीचा निधी वित्त आयोगाकडून बंधित आणि अबंधित अशा दोन थैल्यांत येतो. वऱ्हाडच्या अनुभवाचा उपयोग करावयाचा असेल तर तो येथेच. असा निधी ज्या आर्थिक विकासाच्या नावाने खर्च होतो, तो शब्दप्रयोग इतका ऐसपैस आहे की त्याच्या नावाखाली प्रवेशद्वाराची कमानही बांधता येते. म्हणून किन्हीराजासारख्या गावाच्या ग्रामसभेने बाजाराच्या उत्पन्नाचा जमाखर्च घरपट्टीत न मिसळता निराळा वाचून घ्यावा, ओट्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांना त्या वेळी हजर ठेवावे, आणि सावली, पाणी, वजनकाटा व रस्ता यांची तरतूद होईपर्यंत त्यातील रुपया दुसऱ्या कामाकडे वळवू देऊ नये. कारण कारंज्याच्या बाजाराला फी बसविता आली एका हुकमाने, पण ती देणाऱ्याला समितीत जागा मिळावयाला त्यानंतर दोन पिढ्या लागल्या.