गिंबलवरील कॅमेऱ्याचे संतुलन

हातात धरायच्या त्रिअक्षीय गिंबलवर (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या उपकरणावर) कॅमेरा त्याच्या गुरुत्वमध्यावर टेकेल असा बसवण्याची क्रिया. गॅरेट ब्राउन यांच्या स्टेडीकॅममध्ये (१९७०चे दशक) स्प्रिंगचा हात आणि वजने कॅमेरा स्थिर ठेवण्याचे काम करत; आजच्या गिंबलमध्ये मोटारी असतात. तरीही संतुलन हातानेच साधावे लागते, कारण मोटार हादरे निस्तरण्यासाठी आहे, कॅमेऱ्याचा भार पेलण्यासाठी नव्हे.

लेन्स, बॅटरी, कार्ड आधीच चढवावे, लेन्सचे झाकण काढावे. गिंबल बंदच असावा. प्रथम टिल्ट (वर-खाली झुकण्याचा अक्ष): कॅमेरा पुढे-मागे सरकवून समतल स्थिर करावा, मग लेन्स आभाळाकडे करून तशीच राहते का पाहावे. ही दुसरी पायरी घाईत हमखास गाळली जाते. नंतर रोल (डावी-उजवीकडे कलण्याचा अक्ष): कॅमेरा कोणत्याही बाजूला कलू नये. शेवटी पॅन (आडवे वळण्याचा अक्ष): मूठ आडवी धरल्यावर गिंबलचा हात आपोआप फिरू नये. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स असेल, तर गुरुत्वमध्य सरकतो; ज्या फोकल लांबीवर चित्रण करायचे तिथेच संतुलन साधावे.

चूक राहिल्यास मोटार गुणगुणते, तापते, बॅटरी लवकर उतरते, चित्रात बारीक थरथर येते. बंगळूरमधील मारतहळ्ळीच्या रिंगरोडवरील गर्दीतून चालत चित्रण करताना नीट संतुलित गिंबलही पावलांची वरखाली उसळी पुसत नाही; गुडघे वाकवूनच चालावे लागते.