बेडकाचे भक्ष्य आणि १९८७ ची निर्यातबंदी

भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९५० नंतरच्या दशकात सुरू झाली आणि १९८७ साली सरकारी आज्ञेने थांबली. गोठविलेला हा माल मुख्यतः फ्रान्स, बेल्जियम व अमेरिका या देशांत जात असे. बंदीच्या मागणीमागे भूतदया होतीच. परंतु वजन पडले ते शेतीच्या युक्तिवादाचे. बेडूक पिकांना अपायकारक असे कीटक व खेकडे खातो, तो नाहीसा झाल्यास कीटकनाशकांचा खर्च वाढतो, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीचा सविस्तर परामर्श घेतला. त्याच वर्षी व्यापारातील दोन्ही प्रमुख जाती आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या सूचीत आल्या.

या दोन जातींचे भक्ष्य मात्र एक नव्हे. बैलबेडूक कीटक, खेकडे, उंदीर, प्रसंगी लहान बेडूकही गिळतो. दुसरी, षडंगुली म्हणून ओळखली जाणारी जात प्रौढावस्थेत मोठ्या प्रमाणावर पाने व पाणवनस्पती खाते, हे इंद्रनील दास यांच्या अभ्यासातून १९९६ मध्ये, म्हणजे बंदीनंतर नऊ वर्षांनी, स्पष्ट झाले. कीटकभक्षक म्हणून जिचा कैवार घेतला गेला ती पानांवर पोसणारी निघावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. बंदी त्यामुळे अयोग्य ठरत नाही; तिचे समर्थन तेवढे अपुरे ठरते.

सोलापूर जिल्ह्यापुरते पाहता हे अपुरेपण अधिकच जाणवते. मूळ युक्तिवाद भातखाचरांवर उभारलेला. येथे पाऊस ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर आणि प्रमुख पीक रब्बी ज्वारीचे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरतात ती पाऊस सरत आल्यावर, आणि ती वाढते ती कोरड्या हिवाळ्यात. अशा मुलखातील बिळवासी बेडूक वर्षाचा बराच काळ भुईखाली काढतात. मागील पायांच्या तळव्यावरील कुदळीसारख्या कठीण उंचवट्याने माती उकरीत ते पाठमोरे खाली जातात व पहिल्या मोठ्या पावसाला वर येतात. त्यांच्यापैकी फुगीर अंगाचा युपेरोडॉन मुख्यत्वे वाळवी व मुंग्यांवर जगतो. वाळवीचा उपद्रव कोरडवाहू शेतीस होतो हे खरे, तथापि या बेडकाचे मोल खाचरातील बैलबेडकाच्या मापाने ठरविता येणार नाही.

दुसरी अडचण नावांची आहे. पश्चिम भारतातील बिळवासी बेडकाची ‘स्फेरोथेका पश्चिमा’ ही जात २०१७ मध्येच स्वतंत्र म्हणून नोंदली गेली. त्यापूर्वी या प्रदेशातील असे बेडूक ‘ब्रेव्हिसेप्स’ या नावाखाली मोडत. जुन्या आहारनोंदी वापरताना त्या नेमक्या कोणत्या प्राण्याच्या, हे स्थळ पाहून प्रथम ठरवावे लागते.