निर्विकार मुद्रा आणि मराठी विनोद

माजिवड्यात एका हौशी नाट्यमंडळाची तालीम पाहत असताना दिग्दर्शकाने नटाला 'हे वाक्य डेडपॅन घे' अशी सूचना दिली. 'म्हणजे चेहरा मख्ख ठेवू ना?' असे नटाने विचारले. प्रश्न साधा असला, तरी मराठी विनोदाच्या समीक्षेतील एक उणीव त्यातून उघड होते.

'डेडपॅन' ही संज्ञा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन रंगभूमीच्या बोलीतून रूढ झाली. 'पॅन' म्हणजे त्या बोलीत चेहरा. मूकपटांतील बस्टर कीटन हा तिचा आदर्श मानला जातो. येथे चेहरा निर्जीव असतो, जाणीव मात्र जागी असते. आपण 'मख्ख' म्हणतो तो चेहरा न कळणाऱ्याचा; 'डेडपॅन' चेहरा कळूनही न दाखवणाऱ्याचा. हा भेद निसटला की संज्ञेचा गाभाच निसटतो.

संकल्पना मात्र आपल्याला परकी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे आत्मस्थ व परस्थ असे भेद आहेत: स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे. परंतु स्मितापासून अतिहसितापर्यंतचे सहा प्रकार हसणाऱ्याच्या मुद्रेवरून ठरतात. न हसता हसवणाऱ्याच्या मुद्रेला त्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव नाही.

मराठी गद्यात या मुद्रेचा इतिहास श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून मांडता येतो. 'सुदाम्याचे पोहे'मधील लेखांत जुन्या रूढींचे समर्थन इतक्या गंभीरपणे चालते की समर्थनातूनच त्यांचे खंडन होते. तेथे चेहऱ्याचे काम व्याजोक्ती करते. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावाने लिहिताना कोटी आणि अतिशयोक्ती यांवर भर देतात; त्यामुळे विनोद करणारा वाचकाला सतत दिसत राहतो.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी हा दिसणारा विनोदकार नाहीसा केला. चिमणराव हा मध्यमवर्गीय कारकून आपल्या फजितीची हकीकत तक्रारअर्जाच्या इमानाने सांगतो. आपण हास्यास्पद आहोत, याचा त्याला पत्ता नसतो. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ज्याला अविश्वसनीय निवेदक म्हटले, त्याच्या जवळची ही रचना आहे. तिच्यात तालमीतल्या प्रश्नाचे उत्तर सापडते: चिमणराव मख्ख आहे, 'डेडपॅन' आहेत ते चिं. वि. जोशी. एकाच वाक्यात निवेदकाला काही कळत नाही आणि लेखकाला सर्व कळते.

पडद्यावर हे द्वैत टिकवणे अवघड असते, कारण कागदावरच्या निवेदकाला चेहरा नसतो. 'लग्न पहावे करून' (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी चिमणराव साकारला, तेव्हा त्यांच्या तिरळ्या नजरेनेच प्रेक्षकाला हसण्याची खूण मिळाली. पुढे मुंबई दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकरांनी तोच चिमणराव लोकप्रिय केला. दोन्ही भूमिका संस्मरणीय आहेत. परंतु हसायचे कोठे, हे स्वतःचे स्वतः ठरवण्याची वाचकावरची जबाबदारी दृश्य माध्यमात हलकी होते.

हा केवळ शब्दाचा वाद नाही. लेखकाची मुद्रा आणि निवेदकाची मुद्रा एकच मानल्यामुळे चिं. वि. जोशींचा विनोद 'निर्विष', 'निर्मळ' अशा विशेषणांनी गौरवून बाजूला ठेवला गेला. विवाह जुळवण्याचा व्यवहार, प्रतिष्ठेची हाव आणि नोकरीतील लाचारी यांकडे त्यांनी किती कठोरपणे पाहिले, हे त्या गौरवाखाली झाकले गेले. भोळा आहे तो चिमणराव. त्याच्या भोळेपणाचे श्रेय लेखकाला देणे म्हणजे त्याची धार नाकारणे होय.

'डेडपॅन'ला प्रतिशब्द हवाच असेल तर 'मख्ख' टाळावा. 'निर्विकार' अधिक जवळचा आहे, कारण त्यात विकाराचा अभाव सूचित होतो, बुद्धीचा नव्हे. मात्र रंगमंचावर तो नटाच्या चेहऱ्याला आणि साहित्यात लेखकाच्या भूमिकेला लावावा. निवेदकाला लावताना थांबून विचार करावा. माजिवड्यातील त्या नटाला एवढेच सांगता आले असते: चेहरा कोरा ठेव, डोळ्यांमागचा माणूस मात्र जागा असू दे.