भावनिक बुद्धिमत्ता, शिक्षकांची

स्वतःच्या व विद्यार्थ्यांच्या भावना ओळखून त्यांचे अध्यापनास अनुकूल असे नियमन करण्याची शालेय शिक्षकाची क्षमता.

एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या सामाजिक बुद्धिमत्तेच्या कल्पनेत (१९२०) भावनिक बुद्धिमत्तेचे मूळ शोधण्यात येत असले (पहा : बुद्धिमत्ता), तरी तिची शास्त्रीय व्याख्या पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये केली; पुढे डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ मधील ग्रंथाने ती, काहीशी सैल होऊन, सर्वतोमुखी झाली.

भावनांची जाण, विचारार्थ उपयोग, आकलन व नियमन ही तिची चार अंगे होत. शिक्षकाच्या बाबतीत नियमनास विशेष महत्त्व येते. कारण भरलेल्या वर्गासमोर राग वा उद्वेग आवरून प्रसन्न मुद्रा धारण करण्याचे जे अलिखित बंधन या पेशावर असते, आणि ज्या प्रकारच्या कष्टास आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ म्हटले, ते केवळ बाह्य अभिनयाने पाळले गेल्यास भावनिक थकवा, विद्यार्थ्यांविषयी अलिप्तता आणि कर्तृत्वभावाचा ऱ्हास, ही क्रिस्टिना मास्लाक यांनी वर्णिलेली लक्षणे उद्भवू शकतात (पहा : व्यावसायिक थकवा).

शिक्षकाचे स्वास्थ्य मात्र या एकाच गुणावर अवलंबून नाही. भारतात शिक्षणहक्क अधिनियमाच्या (२००९) कलम २७ ने शिक्षणेतर कामांस शिक्षक नेमण्यास मनाई केली असली, तरी दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका हे अपवाद, शिवाय दप्तरी अहवालांचा बोजा, कायम आहेत. दुसरीकडे, त्याच अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविल्यापासून वर्गशिस्त राखण्याच्या दृष्टीनेही भावनिक बुद्धिमत्तेस महत्त्व आले आहे (पहा : शिस्त, शालेय).