छपरावर कोण चढून बघतो?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या चौथ्या अधिकरणाचं नाव 'कंटकशोधन', म्हणजे प्रजेच्या पायातले काटे काढणं. त्यातला पहिला काटा कोणता असेल? दरोडेखोर? नाही. पहिलं प्रकरण आहे 'कारुकरक्षणम्'. कारुक म्हणजे कारागीर. आम्हा व्याकरण शिकवलेल्यांची खोड अशी, की समास दिसला की तो सोडवल्याशिवाय चैन पडत नाही. षष्ठी धरली तर कारागिरांचं रक्षण, पंचमी धरली तर कारागिरांपासून रक्षण! आतला मजकूर वाचून माझं मत तरी पंचमीकडे झुकतं.

कारण तिथे लिहिलंय, की काम कुठे, केव्हा आणि काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. वेळ टळली तर मजुरीतला पाव भाग कापायचा, वर दंड. सांगितलं एक आणि केलं भलतंच, तर सगळी मजुरी बुडाली आणि दुप्पट दंड. मात्र अचानक संकट कोसळलं असेल तर माफी. दुसऱ्याची ठेव कुणी घ्यावी? ज्याची भरून द्यायची ऐपत आहे आणि ज्याच्यामागे श्रेणी उभी आहे, त्याने. तो दगावला तर ठेवीची जबाबदारी श्रेणीवर. गिऱ्हाइकाचे कपडे स्वतः घालून मिरवणाऱ्या परटाला तीन पण दंड सांगितलाय, तो वाचून मला हसू आवरेना. दोनेक हजार वर्षांत माणूस काही फारसा बदललेला नाही...

छपराच्या कामात ही पंचमी फारच खरी. भिंत वाकडी असली तर दिसते, फरशी हलली तर पायाला कळते. छपरावर कोण चढून बघतो? पाऊस पडेपर्यंत कामाची परीक्षाच होत नाही, आणि तोवर पैसे घेऊन माणूस गेलेला असतो.

आमच्या कोकणात दर मे महिन्यात घर शाकारायचे. नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, कुजलेली रीप बदलायची. शाकारणारा गडी वाडीतलाच. जुलैत पागोळी घरात गळली तर तो रस्त्यात भेटणारच, आणि आजी त्याला चारचौघांत विचारणारच! श्रेणीचं काम आजी करायची म्हणा ना.

पण शहरात कारागीर अनोळखी, मग कायदा लागतो. विट्रुव्हियस हा रोमन वास्तुविद इफिसस या ग्रीक शहराचा (आजच्या तुर्कस्तानातलं) एक जुना कायदा सांगतो. सार्वजनिक काम घेणाऱ्याने आधी खर्चाचा अंदाज द्यायचा, आणि काम पुरं होईस्तोवर त्याची मालमत्ता अधिकाऱ्याकडे तारण. खर्च एक चतुर्थांशापर्यंत वाढला तर सरकार भरणार, त्यापुढचा त्याच्या मालमत्तेतून वसूल. हा नियम रोममध्ये असता, आणि खाजगी घरांनाही असता तर किती बरं झालं असतं, असं तो हळहळून लिहितो. तिथेही तो पाव भाग आहेच, गंमत बघा.

आता तिसरं ठिकाण, अमेरिकेतलं फ्लोरिडा. माझी भाची टाम्पाला असते, म्हणून हे वाचायची वेळ आली. २४ ऑगस्ट १९९२ ला तिथे अँड्र्यू वादळ आलं. मायामीच्या दक्षिणेला हजारो घरांची छपरं उडाली. नियम कडक होते, पण नंतर तपासात दिसलं, की अनेक ठिकाणी छपराच्या प्लायवूडला मारलेल्या पिनांनी आणि खिळ्यांनी खालचा वासा गाठलाच नव्हता! वरून सगळं झाकलेलं, कुणाला कळणार? मग २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली.

नियम बदलले तसे ठकही बदलले. दारावर माणूस येणार, "तुमचं छप्पर वादळाने बिघडलंय, इथे सही करा, विम्यातून नवं करून देतो, तुम्हाला एक पैसा नाही." त्या सहीने विम्याचा हक्क ठेकेदाराच्या नावावर. पुढे तोच फुगवलेलं बिल लावणार आणि कोर्टात भांडणार. हप्ते भडकले, काही विमा कंपन्या बुडाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला, आणि १ जानेवारी २०२३ पासूनच्या नव्या पॉलिसींत हक्काची ही सोडचिठ्ठी बंद झाली. तिथे आणखीही एक नियम आहे. दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेतली, तर तीस दिवसांत परवानगीसाठी अर्ज आणि परवानगी मिळाल्यावर नव्वद दिवसांत काम सुरू. देश, काल, कार्य... कौटिल्य ओळखीचं हसला असता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळानंतर भाचीच्याही दारात असाच एक जण उभा राहिला. तिने फोन केला, "मावशी, फार सभ्य माणूस आहे गं, आजच सही केली तर सूट देतोय." 'आजच' हा शब्द ऐकला आणि मी म्हटलं, आधी त्याचा परवाना क्रमांक माग, सरकारी संकेतस्थळावर तपास, आणि विमा कंपनीला तिचा स्वतःचा माणूस पाठवायला सांग. तो क्रमांक देईना. कंपनीचा माणूस आला, शिडी लावून वर चढला, फोटो काढले. बारा-पंधरा कौलपट्ट्या उचकटल्या होत्या, बाकी छप्पर धड होतं. नोंदणीकृत कारागिराने अर्ध्या दिवसात त्या बसवून दिल्या.

भाची मात्र अजून थोडी फुगलेली आहे. शेजाऱ्यांनी त्याच सभ्य माणसाच्या कागदावर सही केली होती, आणि गेल्या वेळी बोललो तेव्हा त्यांच्या छपरावर निळी ताडपत्रीच होती. तरी ती म्हणते, "मावशी, त्यांना नवं मिळणार बघ."