मुतखड्याचा वारसा

फ्रेंच निबंधकार माँतेन याचे वडील १५६८ सालीं मूत्राशयांतील खड्याच्या यातना भोगीत वारले. पुढें तीच व्यथा पुत्राच्याहि वांट्यास आली. पित्याचा रोग एका बीजबिंदूंतून पुत्रापर्यंत पोंचतो कसा, हें कोडें त्याला पडलें. वैद्यांवर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून १५८० सालीं तो घोड्यावरून निघाला आणि प्लाँबिएरपासून इटलींतील लुक्कापर्यंत ठिकठिकाणच्या झऱ्यांचें पाणी पीत हिंडला.

व्याधि हटली नाहीं. परंतु त्याचा तर्क खोटा नव्हता. मूत्र दाट झालें म्हणजे त्यांतील क्षारांचे स्फटिक बनूं लागतात. ज्यांच्या घराण्यांत हा विकार आहे, जे उन्हातान्हांत राबतात, जे पाणी कमी पितात, त्यांना त्याचें भय अधिक. वाडवडिलांचें रक्त बदलतां येत नाहीं; पाण्याचा तांब्या मात्र आपल्या हातीं असतो.