वाळीत पडण्याचे भय

येरवड्याचे नाव निघाले की लोकांना तुरुंगाची भिंत आठवते. आज आम्ही बोलणार आहोत ती भिंत डोळ्यांना दिसत नाही. तिचे नाव बहिष्कार.

दाऊदी बोहरा समाजात मुलगी सातेक वर्षांची झाली म्हणजे तिची सुंता, म्हणजे ‘खतना’, करण्याची चाल आहे. हिंदुस्थानातील इतर बहुतेक मुसलमानांत ती नाही. कुराणात तिचा उल्लेख नाही. समर्थक तिला शुद्धी मानतात आणि आधार देतात तो दहाव्या शतकातील काझी नुमान ह्यांच्या ‘दआइम अल-इस्लाम’ ग्रंथाचा. उलट कैरोच्या अल-अझहरच्या विद्वानांनी 2007 साली ह्या चालीस शरियतेचा आधार नाही असे सांगितले. पंडितांतच एकमत नाही. मग आई आपल्या पोटच्या पोरीला तेथे नेते कशासाठी?

ती निर्दय असते म्हणून नव्हे. 2017 साली ‘सहियो’ संस्थेने 385 बोहरा स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे 80 टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता, आणि जवळजवळ तितक्याच जणींना ही चाल पुढे नको होती. हा साऱ्या समाजाचा आकडा नव्हे. पण नको असलेली गोष्टही चालू राहते, एवढे त्यावरून दिसते. वाळीत पडलेल्या घराला सोयरीक मिळत नाही, मयताला जागा मिळत नाही. मुंबई राज्याने 1949 साली वाळीत टाकण्यास बंदी केली. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा धर्मस्वातंत्र्याविरुद्ध ठरवून रद्द केला. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला.

आम्ही हिंदूंनी हसण्याचे कारण नाही. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या 1891 च्या कायद्यास धर्माच्याच नावाने विरोध झाला, आणि तो आमच्या पुण्यात जोरात झाला.

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो. एकटा माणूस फाटकाबाहेर थांबला तर त्याची नोकरी जाते. सगळे थांबले तर मालक बोलणी करतो. आफ्रिकेतील सेनेगल देशात मालिकुंदा बंबारा गावच्या बायकांनी 1997 साली ही चाल सोडल्याचे जाहीर केले. देंबा जवारा नावाच्या वयस्क इमामांनी ओळखले की ज्या गावांशी सोयरिकी होतात ती सारी गावे बरोबर आली पाहिजेत. ते पायी गावोगाव फिरले, आणि 1998 साली अनेक गावांनी एकत्र प्रतिज्ञा केली.

कायदा हवाच. पण एकट्या आईला दोष देऊन काही साधणार नाही. तिच्या शेजारी आणखी दहा आया उभ्या राहतील अशी तजवीज करणे, हे खरे काम आहे.